अजून न संपलेली टक्कर

शाळेच्या पुस्तकातली टक्कर क्षणात उरकते. दोन चेंडू भिडतात, दूर होतात. आधीचा एकूण संवेग नंतरच्या एकूण संवेगाइतका भरला की गणित सुटलं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा-उमरग्याच्या काळ्या रानाखाली, एक टक्कर मात्र सुमारे पाच कोटी वर्षं चालू आहे.

भारताचा भूपट्ट आशियाच्या दिशेने सरकत असताना एका टप्प्यावर त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्याही पुढे गेला होता. धडक बसली, हिमालय वर चढू लागला आणि वेग मंदावत आज वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरवर आला आहे. मग या प्रचंड भूपट्टाची गतिज ऊर्जा किती असेल? वस्तुमान अफाट, पण वेगाचा वर्ग घ्यायचा असतो. ढोबळ हिशोब मांडला, तर उत्तर जेमतेम काही हजार ज्यूल येतं. रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारसायकलीपेक्षाही कमी! हे उत्तर मला दर वेळी हादरवतं. एवढ्याशा ऊर्जेने पर्वत उभे राहत नाहीत. ते उभे राहतात, कारण मागचा रेटा थांबतच नाही. समुद्रतळाशी नवा खडक तयार होत राहतो, जुना थंड तळ पृथ्वीच्या पोटात खेचला जातो आणि मधला भूखंड दाबाखालीच राहतो. चेंडू भिडून सुटतात. इथे सुटका नाही.

तो दाब हिमालयापाशीच जिरत नाही. हजार किलोमीटरहून अधिक दूर, दख्खनच्या पोटातही तो साठतो. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे टकरीच्याही आधीचा; हा भूखंड अजून वाटेत असताना ओतलेला लाव्हा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी गावाजवळ भोक पाडून पाहिलं, तेव्हा या पाषाणाचा थर सुमारे ३४० मीटर निघाला. त्याच्याखाली कितीतरी जुना खडक आहे आणि त्यात जुन्या भेगा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला थोडा अवकाश असताना, त्यातली एक भेग सरकली. एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आलेली गावं झोपेत होती. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आमच्या सास्तूरसारखी गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. या सगळ्या गावांत मिळून हजारो माणसं गेली.

त्यांना मारणारी शेवटची टक्कर मात्र घरातलीच होती. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत, वर माळवदाचा मातीचा भार. जमीन झटक्यात बाजूला सरकते. जड भिंत आणि त्याहून जड छत जागीच राहू पाहतात. जडत्वाचा नियम तो हाच. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मधे भरीचे दगड, आणि पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. पदर फाकले, आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

भूपट्टाचा रेटा कोणाला अडवता येणार नाही. भिंत बांधता येते: ठरावीक अंतरावर दोन्ही पदरांना धरणारे लांब दगड आणि दारांच्या वरून चारही भिंतींना कवळणारा सलग पट्टा. भूकंपानंतरच्या बांधकामात हे शिकवलं गेलं. तरीही मराठवाड्यात जुनी माळवदाची घरं अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांत लेकरं निजतात. अशा घरात गेलो, की चहा येण्याआधी मी विचारतो, भिंतीत आरपार दगड आहेत का? आणि नसतील, तर पावसाळ्याआधी गवंड्याला बोलवा म्हणून मागे लागतो.