जुन्या चाकांचा सौदा

पुस्तकें जुनीं घ्यावींत आणि पादत्राणें नवीं घ्यावींत, हा नियम आम्ही आजवर निष्ठेनें पाळीत आलों. जुन्या पुस्तकावर पूर्वीच्या वाचकाचें नांव असतें, समासांत त्याच्या खुणा असतात, क्वचित् एखादें विसरलेलें बसचें तिकीटहि सांपडतें. एका किंमतींत दोन माणसांची ओळख होते. जुन्या जोड्याविषयीं असें कोणी म्हणणार नाहीं. सायकल या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत घालावी, हा प्रश्न मात्र वयाची पंचावन्न वर्षें उलटेपर्यंत आम्हांस पडला नव्हता.

काळी, दणकट, मागें कॅरिअर असलेली सायकल आम्ही कॉलेजांत असतांना रोज चालवीत होतों. तीस त्या वेळीं कोणी छंद म्हणत नसे. परंतु बारीक चाकांची, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेल्या हॅंडलची, गिअरांची शर्यती सायकल ही जातच निराळी. तिच्या बाबतींत आम्ही निव्वळ बिगरींतले विद्यार्थी. पुण्यास एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. आज त्याच पुण्यांत आम्ही सायकल घेणार असें कळतांच शेजाऱ्यांनीं प्रथम पेट्रोलच्या भावाची व नंतर आमच्या प्रकृतीची चौकशी केली. घरांतून आलेली विचारणा अधिक मार्मिक होती: "अहो, घ्यायचीच तर नवी कां नाहीं?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस पोलादापासून प्रारंभ करावा लागला. चांगल्या जुन्या सायकलीचें मर्म तिच्या नळ्यांत असतें. एक नळी दुसरीस जेथें सांधली जाते तेथें ताण अधिक, मधल्या भागांत कमी. म्हणून टोकांशीं जाड व मध्यें पातळ, पण बाहेरून एकसारखी दिसणारी नळी करण्याचें पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं १८९७ सालीं घेतलें. पुढें १९३५ सालीं त्याच कारखान्यानें मॅंगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' ही नळी बाजारांत आणली, आणि नंतरचीं कित्येक दशकें सायकलीच्या अंगावरील या तीन आकड्यांची चिठ्ठी हेंच तिच्या कुळाचें प्रमाणपत्र ठरलें. आज शर्यतींत कार्बनच्या सायकली धांवतात. त्यांची किंमत ऐकून मोटारसायकलीनेंहि मान खालीं घालावी. पोलादाचा गुण असा कीं, तें थोडें वाकलें तर पुष्कळदां सरळ करतां येतें, सांधा सुटला तर पितळेनें पुन्हा जोडतां येतो. म्हणूनच चाळीस-पन्नास वर्षांची, पण चांगल्या नळ्यांची सायकल मध्यम मिळकतीच्या नवशिक्यास परवडते. या व्याख्यानावर "तास संपला असेल तर पानं वाढलीं आहेत" एवढाच अभिप्राय मिळाला.

अशी सायकल पाहावयास जाणाऱ्यानें प्रथम रंगावरून डोळे काढावेत. वरच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून जमिनीवर सरळ उभें राहावें. नळी व देह यांत दोन बोटांचें तरी अंतर राहत नसेल, तर ती सायकल कितीहि स्वस्त असो, दुसऱ्याची समजावी. सीट वर-खालीं करतां येते. नळ्या लांब-आखूड करतां येत नाहींत. मग हॅंडलखालून पायंडलांकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीस खालच्या अंगानें हात फिरवावा. समोरून ठोकर बसलेली सायकल बहुधा तेथेंच सुरकुतते, आणि नवा रंग डोळ्यांस फसवतो तसा बोटांस फसवूं शकत नाहीं. सीटची दांडी हलते कीं आंत गंजून बसली आहे, पुढचा चिमटा बाजूनें पाहतां मागें ढकललेला तर नाहीं, हेंहि पाहून घ्यावें. चाकाचा आउट कोणीहि मिस्त्री काढील. ब्रेकच्या तारा, साखळी, टायर हीं बदलण्याचींच. मात्र त्यांचा खर्च सौद्याआधीं कागदावर मांडावा. दोन हजारांची सायकल सहा हजारांच्या दुरुस्तीनें आठ हजारांची होते, हें गणित दुकानदारापेक्षां आपण आधीं केलेलें बरें.

टायरचें गणित तर विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेस शोभेल असें आहे. आपल्याकडील साध्या सायकलीचें २८ इंची टायर कोणत्याहि दुकानांत मिळतें; तें ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतें. जुन्या विलायती शर्यती सायकलींचें २७ इंची रिम ६३० मिलिमीटरचें, आणि हल्लीं सर्वत्र चालणारें '७००' हें प्रत्यक्षांत ६२२ मिलिमीटरचें. पांच मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराहूनहि लहान. पण तेवढ्यानें एक टायर ढिलें राहून निसटतें, व आठ मिलिमीटरनें दुसरें चढतच नाहीं.

एवढी तयारी करून आम्ही ज्या घरीं गेलों तेथें सायकल बाल्कनींत, वाळत घातलेल्या कपड्यांआड उभी होती. मालक पंचाहत्तरीचे. तरुणपणीं मुंबई-पुणें शर्यतींत त्यांनीं याच सायकलीवर बोरघाट चढला होता. शर्यती संपल्यावर कारखान्याच्या वाटेवरील खड्ड्यांसाठीं त्यांनीं हिला पोलादी रिमांचीं २७ इंची चाकें घातलीं, आणि गुडघे गेल्यावर ती बाल्कनींत आली. बोलणें सूनबाईंनीं केलें. भंगारवाला वजनावर अमुक देतो, तुम्ही दोन हजार द्या, जागा मोकळी होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांत गैर कांहींच नव्हतें. दोन खोल्यांच्या घरांत बाल्कनी हीहि एक खोलीच असते. वृद्ध गृहस्थ गप्प होते.

सीटखालच्या नळीवर, धुळीखालीं, ते तीन आकडे आम्हांस दिसले. नळी शाबूत होती, मापहि आमचें होतें. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दुर्मिळ प्रत रद्दीच्या भावानें मिळाली तर आम्ही ती निमूटपणें पिशवींत टाकतों, व घरीं येऊन तो पराक्रम चवीनें सांगतों. तो न्याय येथें लागूं करावा काय? दुकानदाराचें ज्ञान कमी पडलें तर तो त्याच्या धंद्याचा भाग. पण पुस्तक ज्यानें समासांत खुणा करकरून वाचलें, तोच समोर खुर्चीवर बसला असतां त्याच्या मौनाचा फायदा घेणें हा सौदा नव्हे. आम्हीं सूनबाईंस त्या चिठ्ठीचा अर्थ सांगितला व भाव किमान तिप्पट होईल असें म्हटलें.

तेव्हां ते गृहस्थ प्रथम बोलले. "किंमत मला ठाऊक आहे, प्रोफेसरसाहेब. पण परवां एकजण आला होता, त्याला ही हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. तो दहा देत होता. तुम्ही चालवणार?" आम्ही चालवणार असें म्हणतांच ते उठले, चाकापाशीं बसले आणि रिमवर नख वाजवून म्हणाले, "मग हीं आधीं काढा. पोलादाचं रिम पावसांत ब्रेक धरत नाहीं. ऍल्युमिनियमचीं सातशेचीं घाला; ब्रेक चार मिलिमीटर खालीं उतरतील, मीं मोजलं आहे." सौदा साडेचार हजारांवर तुटला. सहा हजारांतील उरलेले दीड हजार नव्या चाकांच्या खर्चांत घालावे, ही त्यांची अट होती. ती सूनबाईंनींहि मान्य केली. इतकेंच नव्हे, तर सायकल जिन्यावरून खालीं उतरवावयास मागचें चाक त्यांनींच धरलें.

पुढें मिस्त्रीनें ओव्हरहॉलिंग केलें, चाकें बदललीं, आणि ब्रेक मोजून चारच मिलिमीटर खालीं उतरले. आम्ही पहांटे पाषाणच्या बाजूस जातों. चढ लागला कीं मुलें आम्हांस मागें टाकून जातात व जातां जातां "काका, सायकल भारी आहे" असें सांगतात. आमच्याविषयीं तीं कांहीं म्हणत नाहींत, तेंहि योग्यच आहे.

उतारवयांत नव्यानें कांहीं शिकूं पाहणाऱ्यास लोक सहसा साहित्याविषयीं सल्ला देतात: हें घ्या, तें घेऊं नका. तो सल्ला उपयोगी असतो, म्हणून आम्हींहि येथें दिला आहे. परंतु जुनी वस्तु घेणाऱ्यावर एक कर्ज अधिक बसतें. नव्या सायकलीचा आळस केला तर नुकसान केवळ आपलें. जुनी सायकल बाल्कनींत उभी राहिली तर कोणाचा तरी घाट फुकट जातो. गुडघे कुरकुर करतात त्या सकाळीं हाच विचार आम्हांस अंथरुणांतून उठवतो, आणि डॉक्टरांच्या उपदेशाहून तो अधिक परिणामकारक ठरला आहे.