कधी लागतो, ते आधी सांगा

जुन्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा कायम पेटलेला असेल, तर काम सोपं असतं. बिघाड जागेवर असतो, मीटर लावला की सापडतो. डोकं खातो तो येणारा-जाणारा दिवा. "भाऊ, सकाळी लागला होता, तुमच्या गॅरेजपर्यंत येईस्तोवर गेला," हे वाक्य नागपुरातल्या प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनने ऐकलेलं आहे. अशा गाडीला मी लगेच हात लावत नाही. दिवा कधी लागतो, हे आधी विचारतो.

बॉशची एबीएस यंत्रणा मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा आली ती १९७८ साली. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना ती सक्तीची झाली एप्रिल २०१९पासून. त्याआधी ती बहुधा महागड्या मॉडेलातच मिळायची. म्हणजे नागपूरच्या एमएच-३१ नंबरच्या ज्या जुन्या गाड्यांत एबीएस आहे, त्यांच्या वायरींनी विदर्भाचे अनेक उन्हाळे आणि पावसाळे सोसलेले आहेत.

एबीएसचं काम साधं आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर, त्याच्यासमोर फिरणारी दातेरी रिंग. चारही चाकांचा वेग कंट्रोल युनिट सतत ताडून बघतं. ब्रेक मारताना एखादं चाक जाम होऊ लागलं, की त्या चाकाचा दाब झटपट कमी-जास्त करतं. एका सेन्सरचा सिग्नल क्षणभर तुटला, तरी युनिट एबीएस बंद करून दिवा लावतं. नेहमीचे ब्रेक चालूच राहतात. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की तपासणी नव्याने होते आणि तेवढ्यापुरता सिग्नल ठीक असेल, तर दिवा विझतो. मालकाला वाटतं, बरं झालं. युनिटच्या मेमरीत मात्र बिघाडाचा कोड राहिलेला असतो.

तो कोड वाचायला एबीएसशी बोलणारा स्कॅनर लागतो. फक्त इंजिनाचे कोड दाखवणारं स्वस्त यंत्र इथे कामाचं नाही. आणि कोड फार तर चाक सांगतो. दोष सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे, कनेक्टरमध्ये आहे की रिंगमध्ये, हे तो सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी कोड दिसला की सेन्सर बदलतात, आणि आठवड्याने दिवा परत येतो.

म्हणून माझे प्रश्न. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर लागतो? कनेक्टरमध्ये ओल शिरते आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? पुढच्या चाकाजवळची वायर वाकून वाकून आतून तुटली आहे, वरचं आवरण शाबूत असल्याने दिसत नाही. कोरड्या रस्त्यावर सिग्नलला थांबता थांबता पायाखाली पेडल थरथरतं? रिंगला तडा गेला असेल, किंवा गंजाने सेन्सर वर उचलला जाऊन फट वाढली असेल. जुन्या, दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा सिग्नल कमी वेगात आधीच क्षीण असतो, म्हणून रोग तिथे दिसतो. खड्ड्यात आदळल्यावर? बेअरिंग हलवून बघा. फक्त स्टार्ट मारताना? बॅटरी तपासा. मे महिन्यात गाडी उन्हात तापल्यावरच? मग युनिटच्या आतले सोल्डर जोड संशयित.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतली एक जुनी सेडान बऱ्याच महिन्यांनी माझ्याकडे आली. स्कॅनर मागचं डावं चाक दाखवत होता, दुसरीकडे त्याचा सेन्सर बदलून झाला होता. "पावसातच लागते जी," मालक म्हणाले. मागची सीट काढली. खालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि पाणी तांब्याच्या तारांमधून आत चढलं होतं. काळी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, नवी जोडली, सोल्डर करून स्लीव्ह चढवली, पिना बदलल्या. मग गाडी चालवत चारही चाकांचा वेग स्कॅनरवर एकत्र पाहिला. चारही आकडे बरोबरीने चढले-उतरले, तेव्हाच काम संपलं असं धरलं.

दोन गोष्टी प्रत्येक मालकाने लक्षात ठेवाव्यात. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या ब्रेकचा दाब आवरणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगात हा धोका पत्करू नये. आणि जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा काही क्षण लागून विझतो ना, हे पाहा. लागतच नसेल, तर तो कोणीतरी बंद करून ठेवलेला असण्याची शक्यता आहे.

तुमचा दिवा पुढच्या वेळी लागेल, तेव्हा वेळ, वेग, रस्ता आणि हवा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मेकॅनिकला आधी ते वाचून दाखवा. सेन्सरची किंमत त्यानंतर विचारा.