उटण्याची वाटी

आमच्या लहानपणीं दिवाळीच्या आदल्या दिवशीं शेजारच्या काकू आमच्या घरीं उटण्याची एक पुडी पाठवीत. तींत काय काय असे, हें आम्हीं कधींच विचारलें नाहीं. सुवास आला म्हणजे झालें. पुढें कित्येक वर्षें शास्त्र शिकवूनही तें विचारावेंसें वाटलें नाहीं. वाटलें तें एका विद्यार्थिनीच्या पोळलेल्या गालांमुळें.

डिसेंबरांत स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधीं ही मुलगी तोंडावर रुमाल धरून वर्गांत बसली होती. पुष्कळ विचारल्यावर कळलें कीं, नाटकांत उजळ दिसावें म्हणून तिनें साखर व लिंबाचा रस एकत्र करून सकाळसंध्याकाळ गालांवर घासला होता. हें सुचविलें कोणी? आम्हींच! आम्लानें तांब्याच्या भांड्यावरचा काळेपणा जातो, हा प्रयोग आम्हीं त्याच महिन्यांत वर्गांत करून दाखविला होता. भांड्याला लागू तें कातडीला लागू नाहीं, एवढें एक वाक्य सांगावयाचें राहून गेलें.

तेव्हां उटण्याच्या वाटीकडे आम्हीं नव्यानें पाहिलें. तींतलें मसुरीचें किंवा हरभऱ्याचें पीठ हें मुख्य कामकरी. त्याचे बारीक कण त्वचेवरील मृत पेशींचा सुटूं पाहणारा थर हलकेच उचलतात व अंगचें तेल टिपून घेतात. शिवाय डाळींत सॅपोनिन नांवाचें, साबणासारखा फेस आणणारें द्रव्य थोडेंसें असतें. मुलतानी माती तेल ओढते, म्हणून कोरड्या त्वचेला ती सोसत नाहीं. वाळा, चंदन, नागरमोथा हीं मुख्यत्वें सुवासासाठीं. हळदींतील कर्क्युमिन दाह कमी करतें असें प्रयोगशाळेंत दिसलें आहे खरें. परंतु चिमूटभर हळद दोन मिनिटें चेहऱ्यावर राहून काय करणार? आम्ही तरी फार आशा धरीत नाहीं. सायीच्या स्निग्धतेनें घर्षण सौम्य होतें. आमच्या मतें वाटींतला सर्वांत शहाणा जिन्नस तोच.

लिंबाची गोष्ट निराळी. निरोगी त्वचा किंचित् आम्लच असते. तिचा पीएच सुमारें ५, तर लिंबाच्या रसाचा २ ते ३. पीएचची एक पायरी म्हणजे दसपट. म्हणजे साखरेच्या धारदार खड्यांनीं ओरखडलेल्या गालांवर त्वचेहून शंभर ते हजारपट तीव्र आम्ल पडलें होतें.

आणि तेंही कशासाठीं! त्वचेला रंग देणारें मेलॅनिन बाह्यत्वचेच्या अगदीं तळच्या थरांत तयार होतें. घासून निघतो तो वरचा मृत थर, जो एरवींही आपोआप झडतच असतो. उलट, सांवळ्या त्वचेचा दाह झाला तर त्या जागीं मेलॅनिन अधिकच तयार होऊन काळसर डाग उमटतात.

हें सर्व तिला फळ्यावर आकृति काढून समजाविलें, व आमची चूक वर्गासमोर कबूल केली. तिनें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "मग सर, गोरें होण्यासाठीं वाटींत काय घालावें?"

"तसा जिन्नस त्या वाटींत नसतोच, बाळ," आम्ही म्हणालों. ती खालीं पाहूं लागली. घरीं तिला कोण काय म्हणत असे, तें तिनें सांगितलें नाहीं; आम्हींही विचारलें नाहीं.

नाटकांत तिनें काम केलें, आणि सर्वांत स्पष्ट आवाज तिचाच होता. गालांवरचे डाग मात्र जावयास मे महिना उजाडला.