तिसऱ्या प्रकरणातला खोकला

माझ्या कादंबऱ्यांतून आजवर पाच माणसे खोकल्याने दगावली आहेत. तिसऱ्या प्रकरणात एखादे पात्र सहज खोकते, घरची मंडळी ‘पडसे असेल’ म्हणून काणाडोळा करतात, आणि विसाव्या प्रकरणात वाचकांचे रुमाल ओले होतात. युक्ती जुनी आहे, परंतु चालते. सांगायचे ते हे, की खोकल्यावर इतकी शाई खर्च करणाऱ्या ह्या गृहस्थाच्या स्वतःच्या दारात दोन महिने एक जीव खोकत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तो जीव म्हणजे आमची व्हॅन. मारुतीची ओम्नी, १९९८ सालची. ही गाडी १९८४ साली बाजारात आली तेव्हा तिला नुसते ‘मारुती व्हॅन’ म्हणत. ‘ओम्नी’ हे नाव तिला १९८८ साली मिळाले, आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे इटुकले इंजिन. तेही पुढच्या सीटखाली. म्हणजे चालवणारा अक्षरशः चुलीवर बसलेला असतो! नव्या गाड्यांत काही बिघडले की समोर पिवळा दिवा लागतो. आमची पडली कार्बोरेटरवाली. तिच्याजवळ तापमानाचा एक काटा आणि तिचा आवाज, एवढीच काय ती भाषा.

ती भाषा नानांना येत होती. गाडी त्यांनीच घेतलेली. दर रविवारी सकाळी ते सीट उचलीत, तेलाची पट्टी पुसून पाहात, पाणी पाहात, आणि गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटे कुणाला बोलू देत नसत. “गप्प बसा रे, ती काय म्हणते ते ऐकू द्या.” आम्ही त्याला म्हातारपणाचा हट्ट समजत असू. २०२१च्या होळीनंतर नाना गेले. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूण गिळले. गाडी शाळेमागच्या उंचवट्यावर होती. पाणी तिच्या बंपरला लागून मागे फिरले. शेजाऱ्यांच्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या; आम्ही आमची वरवर धुतली आणि देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या वर्षी, २०२२च्या गणपतीपासून, ती सकाळी सुरू करताना अंग झटकू लागली. मिनिटभर थरथरायची, खोकायची, मागून पांढरा धूर सोडायची, आणि मग शहाण्या मुलीसारखी चालायची. पावसाळी हवेत धूर दिसणारच, असे मी ठरवून टाकले. कूलंटची बाटली दर आठवड्याला रिती होई. गाडीखाली मात्र एक थेंब सांडलेला नसे. मी पाणी ओतीत असे आणि आपण गाडीची किती निगा राखतो म्हणून मनाशी सुखावत असे. ते पाणी जाते कुठे, हा साधा प्रश्न मला पडला नाही. वर्गातून येणारी कुजबुज व्हरांड्यातून ऐकून, आत पोरे गणिते उतरवून घेताहेत की मारामारीच्या बेतात आहेत, हे मी बिनचूक सांगतो. पण तो कान पगारी असावा, घरी चालत नाही.

आणखी एक खूण होती. ती आईला कळली.

“गुळाचा पाक लागल्यासारखा वास येतोय रे,” भाऊबीजेच्या सकाळी कराडला ताईकडे निघालो तेव्हा ती मागच्या सीटवरून म्हणाली.

“तुमच्या मांडीवर अनारशांचा डबा आहे, आई!” सौ. म्हणाली. आम्ही सगळे हसलो. आईही हसली, पण तिने डब्याचे झाकण उघडून हुंगले आणि पुन्हा घट्ट लावले. ते मी आरशात पाहिले होते.

पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला. चौथ्या की पाचव्या वळणावर काटा नेहमीची जागा सोडून वर चढला. मी म्हटले, चढ आहे. आणखी दोन वळणांनी तो लाल रेघेला टेकला, सीटखालून भाजू लागले, आणि गाडीने जीव टाकला. सीट उचलली तो वाफेचा भपकारा! धाकटा चिरंजीव वाकून पाहात होता, आणि मी, शहाणा, रेडिएटरचे झाकण उघडून पाणी ओतायला हात पुढे केलेला.

“ओ गुरुजी! हात मागे घ्या!”

खालून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर होता. मला गुरुजी कशावरून म्हणाला, देव जाणे, चेहऱ्यावरच असावे. त्याने बाही वर करून मनगटापासून कोपरापर्यंतचा जुना पांढुरका डाग दाखवला. तापलेल्या रेडिएटरात पाणी दाबाखाली कोंडलेले असते. झाकण सैल केले की उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते. मी मागे सरलो. मुलाचे तोंड झाकणापासून हातभर अंतरावर होते, हे आजही लिहिताना बोटे थांबतात.

आई, सौ. आणि मुले हात दाखवून थांबवलेल्या एस.टी.ने कराडला गेली. मी गाडीजवळ राहिलो. संध्याकाळी टोचन करून खाली आलो. रात्री आईचा फोन आला. ताई दिवेलागणीपर्यंत पाट मांडून माझी वाट पाहात होती. मग अंगणात जाऊन तिने बिजेच्या कोरीला ओवाळले. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तसे. “बाकी सगळं छान झालं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. तिथल्या तरुणाने सीट न उचलताच निदान केले, “इंजिनकाम निघणार, काका. नाहीतर भंगारात द्या.” त्याने सांगितलेला आकडा माझ्या दोन पगारांचा होता. नानांचे जुने मिस्त्री गल्लीतल्या शेडमध्ये अजून काम करतात, हे मग आठवले. त्यांच्या भिंतीवर पुराची रेघ अजून होती.

मिस्त्रींनी पाना उचलला नाही, आधी विचारले. गार असताना थरथरते की गरम झाल्यावर? पाणी किती दिवसांपासून ओतताय? धुराला वास कसला? माझी उत्तरे ऐकून ते म्हणाले, “नाना असते तर पहिल्याच दिवशी आले असते.” मग तेलाचे झाकण फिरवून आतली बाजू मला दाखवली. तिथे दुधाच्या कॉफीच्या रंगाची साय जमली होती. पाणी तेलात मिसळल्याची खूण. इंजिन सुरू करून त्यांनी प्लगच्या तारा एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन लंगडले. दुसरीलाही तसेच. तिसरी काढली, काहीच फरक नाही. “हा सिलिंडर काम करीत नाही.” त्याचा प्लग बाहेर काढला, तर इतर दोघे तपकिरी आणि हा वाफेने धुतल्यासारखा लख्ख.

“हेड गॅस्केट,” मिस्त्री म्हणाले. “कुकरची रिंग असते ना, तशी. ती फाटली की पाणी सिलिंडरात जळतं. म्हणून धूर पांढरा, आणि कूलंटमुळे गोड वास.”

हेड उतरवले. ॲल्युमिनियमचे ते, तापून किंचित वाकले होते. लेथवर नेऊन त्याचा तळ सपाट करून आणला, नवी गॅस्केट बसवली, मधल्या बोल्टपासून बाहेरच्यांकडे, एका दमात नव्हे, टप्प्याटप्प्याने आवळले. मारुती ८००चेही इंजिन हेच, त्यामुळे सामान मिळायला अडचण पडली नाही. तेल दोनदा बदलले. पाच दिवस लागले, आणि खर्च त्या आकड्याच्या पाव हिश्शाहून कमी. काढलेले सगळे सुटे भाग त्यांनी वर्तमानपत्रात बांधून माझ्या हाती दिले. जो मिस्त्री जुने भाग परत देत नाही, त्याच्याकडे मी आता जात नाही.

“पण फाटली का?” मी विचारले.

त्यांनी रेडिएटर उताणा केला आणि जाळीत स्क्रूड्रायव्हरचे टोक फिरवले. वाळलेला तांबूस गाळ खाली पडला. जाळीच्या पापुद्र्यांत तो गच्च बसला होता. हवा लागतच नव्हती, गाडी सव्वा वर्ष आतल्या आत तापत होती. “बघा गुरुजी,” ते म्हणाले, “ही वाशिष्ठी.”

गाळ मी चिमटीत घेतला. नाना असते तर पुराच्या दुसऱ्या दिवशी ते जाळीवर पाण्याची धार धरून बसले असते.

पुढच्या भाऊबीजेला आम्ही पुन्हा निघालो. पहिली दोन मिनिटे मी कुणाला बोलू दिले नाही. मुलांनी डोळे फिरवले. घाटात काटा मधोमध होता. सहाव्या वळणावर आईने नाक ओढले. गाडीत एकदम चिडीचूप. मी बाजूला घेऊन इंजिन बंद केले, सगळ्यांना उतरवले, सीट उचलली, बराच वेळ पाहिले, हुंगले. काही नव्हते.

“अरे, आज डब्याचाच आहे,” आई म्हणाली. “झाकण सैल राहिलं.”