शून्यावर अडणारं बटण

आमच्या मिरजेच्या घरात चौदा वर्षं एक सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन होतं. डावीकडे धुण्याचा टब, उजवीकडे ड्रायर, वर तीन बटणं. धुण्याचं बटण पंधरा मिनिटांपर्यंत फिरायचं, ड्रायरचं पाच. फिरवून सोडलं की आत किल्लीच्या घड्याळासारखी टिकटिक सुरू व्हायची. माझा बारावीचा सगळा अभ्यास त्या टिकटिकीत झालाय.

मागच्या दिवाळीत बोनस आला आणि मी ठरवलं, आईला फुल्ली ऑटोमॅटिक घ्यायचं. ती ओल्या चादरी टबातून उचलून ड्रायरमध्ये टाकायची तेव्हा तिच्या मनगटाचे हाल व्हायचे, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

पण मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर. दुकानात जाऊन 'ते निळं दाखवा' म्हणणं आपल्याच्यानं होत नाही. मी एक्सेल शीट केली. चौदा मॉडेल्स, नऊ कॉलम्स. प्रत्येक कॉलमला वेटेज, शेवटी शंभरपैकी मार्क.

ह्या निमित्तानं मशीनच्या परीक्षा कशा घेतात ते वाचलं आणि त्यात रमलो. आपल्याकडे बीईईचे स्टार असतात. ते किलोभर कपड्यांमागे किती वीज आणि किती पाणी लागतं, ह्यावरून ठरतात. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून घरगुती वस्तू विकत आणून तपासतंय. मशीन किती स्वच्छ धुतं, किती पाणी पितं, किती आवाज करतं, किती हादरतं, कापडाला किती जपतं, सगळ्याला वेगळे मार्क. आयईसी ६०४५६ हे आंतरराष्ट्रीय मानक तर भारी आहे. कापडाच्या पट्ट्यांवर ठरावीक डाग पाडलेले असतात : काजळी आणि तेल, रक्त, कोको, रेड वाइन, त्वचेचा तेलकटपणा. त्या पट्ट्या कपड्यांबरोबर धुवायच्या, मग त्यांच्यावरून किती प्रकाश परत येतो ते मोजायचं आणि एका प्रमाण मशीनच्या निकालाशी ताडून बघायचं. आमच्या घरात रेड वाइन सांडण्याची शक्यता शून्य आणि हळदीच्या फोडणीची रोजची. पण डाग सगळ्यांना सारखाच हवा, नाहीतर तुलना कसली? पद्धत मला मनापासून आवडली.

तुलनेसाठी जुन्या मशीनलाही मी एक ओळ दिली. विजेत आणि ड्रायरच्या वेगात ते चक्क पुढे होतं, कारण पाणी गरम करण्याची भानगडच नव्हती आणि ड्रायर गरगर फिरायचा. पण त्या दोन कॉलम्सचं वेटेज मी कमी ठेवलं होतं. पाणी, खळबळणं, कापडाची काळजी, सोय ह्यांत ते सपशेल आपटलं. एकूण नंबर : शेवटून पहिला.

खरं तर पाण्याचा आकडाही चुकीचाच होता. आई एकाच फेसात आधी पांढरे कपडे काढायची, मग रंगीत, मग पायपुसणी. उरलेल्या पाण्यानं मागची फरशी. 'किलोमागे लिटर' ह्या कॉलममध्ये हे बसत नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं.

पहिलं आलेलं फ्रंट लोड मशीन घरी पोचलं. जुनं एक्स्चेंजमध्ये दीड हजाराला गेलं. फोनवर विचारलं, "कसं आहे?" आई म्हणाली, "छान आहे रे. आवाजच नाही."

फेब्रुवारीत घरी गेलो. सकाळी मागच्या दारी धपधप ऐकू आली. आई दगडावर कपडे धूत होती. मशीनवर तिनंच विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले.

मी चिडलो. "आई, एवढे पैसे घातलेत आणि तू हातानं धुतेस?"

"चार तर कपडे असतात. मोठे रात्री तुझे बाबा लावतात."

बाबा दुकानातून नऊला येतात. म्हणजे दिवसभर ह्या घरातलं धुणं बाबांची वाट बघत थांबत होतं. चौदा वर्षं कुणाची वाट न बघता तिनं ते एकटीनं उरकलं होतं.

मी कव्हर काढलं, म्हटलं, "चल, लावून दाखव." ती वाकली. चेहरा पॅनलच्या अगदी जवळ नेला, मग जरा तिरका केला, मग बोटानं काच चाचपली. काच गुळगुळीत होती. बोट लागलं तिथं 'टीं' वाजलं, काहीतरी बदललं. काय, ते तिला कळलं नाही.

"दिसत नाही का?"

"मधलं धूसर दिसतं. कडेचं दिसतं."

साखरेमुळे तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, इंजेक्शनं चालू आहेत, हे मला माहीत होतं. दर वेळी इंजेक्शनचे पैसे मीच पाठवत होतो. पण पडदा खराब होणं म्हणजे नक्की काय काय दिसेनासं होणं, हे मी विचारलं नव्हतं.

"मग जुनं कसं लावायचीस?"

"त्याला बघायला कशाला लागतंय? डावीकडे फिरवलं की शून्यावर अडायचं. तिथून अंदाजानं उजवीकडे. चालू आहे का ते कानाला कळायचं."

ही तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक माहिती होती. जुन्या टायमरला दोन्ही टोकं असतात. बटण कुठं आहे हे बटणाच्या अंगातच असतं, बोटाला कळतं. नव्या मशीनचं बटण गोल गोल कितीही फिरतं. ते फक्त 'एक खटका पुढे, एक खटका मागे' एवढंच सर्किटला कळवतं. आपण कुठं आहोत हे सर्किटच्या मेमरीत असतं आणि आपल्याला सांगतो तो बारकासा दिवा. दिवा दिसला नाही तर संपलं.

जुन्याची बाजू घेऊन रडगाणं गायचं नाहीये. लाइट गेली तरी जुन्याची टिकटिक चालूच राहायची. लाइट येईपर्यंत पंधरा मिनिटं वाया. नवं जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मनगटाचं ओझंही खरंच गेलंय. शीटमधले बहुतेक आकडे बरोबर होते. फक्त मशीन चालवणाऱ्या माणसाचा कॉलम नव्हता, आणि ती शीट कुठल्या प्रयोगशाळेनं नाही, मी केली होती.

दुपारभर मी त्या मशीनसमोर मांडी घालून बसलो. लक्षात आलं की बंद करून चालू केलं की ते दर वेळी कॉटनवरच येतं. म्हणजे शून्य होतं, लपलेलं होतं. तिथून उजवीकडे तीन खटके म्हणजे रोजचं धुणं, पाच म्हणजे चादरी. पण काचेवरचं स्टार्ट कसं सापडणार? आईनं आरशावरची मखमली टिकली काढली आणि म्हणाली, "ही लाव." चालू-बंदवर एक, स्टार्टवर दोन. मी हात धरून दाखवायला गेलो तर म्हणाली, "हात सोड, मला मोजू दे."

पुण्याला परत आल्यावर ऑफिसात एक जुनं तिकीट शोधलं. आमच्या अ‍ॅपमधल्या काही बटणांना नावंच दिलेली नाहीत. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तिथं फक्त 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं. अशी तक्रार दोन वर्षांपूर्वी एकानं केली होती. ते तिकीट बंद करणाऱ्याचं नाव माझं होतं. शेरा : 'असे युजर्स फार कमी, प्रायॉरिटी नाही.'

मी ते पुन्हा उघडलं. मॅनेजर म्हणाला, पुढच्या तिमाहीत बघू. म्हणून दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी दोन-तीन बटणांना नावं देतो. एकतीस झाली, बरीच बाकी आहेत.

परवा आईचा फोन आला. एक टिकली पडली होती, तिनं दुसरी लावली. चादरी लावल्यात म्हणाली. मागे मशीनचा आवाज येतोय का म्हणून मी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.

"चालू आहे ना नक्की?"

"हात ठेवलाय मी वर," आई म्हणाली. "थरथरतंय."