मुलुंड की ठाणे?

लालबागची जागा विकून जायचे कुठे, यावर आमच्या घरी चार महिने खल चालला. शेवटी दोनच पर्याय उरले: मुलुंड पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरचे लहान घर, किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला एकोणिसावा मजला.

ह्यांचे मन ठाण्यावर. तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त, खाली बाग, भरपूर उजेड. चाळीस वर्षे गॅलरीतल्या अंधारात काढलेल्या माणसाला उजेड हवासा वाटणारच.

मी बी.कॉम.! वही काढली. मुलुंड मुंबई महापालिकेत येते, तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, ठाण्यात ७. बाईच्या नावावर घेतले तर दोन्हीकडे एक टक्का कमी. (घर माझ्याच नावावर होणार, हे मी आधीच सांगून टाकले.) मेट्रो ४ मुलुंडहूनच कासारवडवलीला जाणार, म्हणजे ती बाजू सारखी. फास्ट लोकलसाठी ठाणेच बरे, पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायचे तर रिक्षा आलीच.

वहीत न बसणारी गोष्ट होती गोचरीची. लालबागला आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे साध्वीजी येत. मुलगा बंगळूरला गेल्यापासून दुपारी दारात येणारे दुसरे होते कोण? त्या लिफ्टने येत नाहीत. एकोणीस मजले चढून दोन पोळ्या घ्यायला कोण येणार? हे म्हणाले, "आपण उपाश्रयात डबा नेऊन देऊ." समोर नेऊन दिलेला आहार त्यांना कल्पत नाही, हे ह्यांनाही ठाऊक आहे, मैत्रिणींनो!

ठाण्यातही टेंभी नाक्याला मुनिसुव्रतस्वामींचे सुंदर देरासर आहे, श्रीपाळ-मयणेच्या कथेशी जोडलेले. ओळीच्या दिवसांत मी तिथे आवर्जून जाते. पण कासारवडवलीहून रोज सकाळी पायी दर्शनाला जाण्याइतके ते जवळ नाही. मुलुंडच्या घरापासून देरासर सात मिनिटांवर, माझ्या गुडघ्यांच्या चालीने.

दोन दिवस हे गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हॉलची खिडकी मोठी करता येईल का, विचार."

विचारले. सोसायटी परवानगी देत नाही. मग पूर्वेकडची खोली ह्यांची, असे ठरले. टोकन दिले आहे. सहा खुर्च्यांचे टेबल तिथे मावणार नाही, ते जावेकडे जाईल.