बादलीची बाजू

२०१७च्या जानेवारीत चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरजवळ तेल सांडलं, तेव्हा देशभर चेष्टा झाली ती बादल्यांची. २८ तारखेच्या पहाटे गॅसवाहू ‘बीडब्ल्यू मेपल’ आणि तेलाचा टँकर ‘डॉन कांचीपुरम’ यांची टक्कर झाली. काळंकुट्ट इंधन एर्नावूरच्या दगडी बंधाऱ्यांच्या खोबणीत येऊन साचलं. मग तटरक्षक दलाचे जवान, कॉलेजची पोरं आणि तिथले मच्छीमार रांगा करून ते बादल्यांनी उपसताना टीव्हीवर दिसू लागले. मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाच्या हातात बादली, असा विनोद मला निम्म्या नातेवाइकांनी पाठवला. किनाऱ्याला लागलेलं तेल काढणं हाच माझा धंदा, म्हणून. मी बादलीच्या बाजूचा आहे.

जहाजाचं इंधन म्हणजे पेट्रोल नव्हे. रिफायनरीत हलकं, कामाचं सगळं काढून घेतल्यावर तळाशी राहतं, ते हे. जहाजावरसुद्धा तापवल्याशिवाय ते इंजिनात जात नाही. उन्हाने त्यातलं फारसं काही उडून जात नाही. उलट लाटांनी घुसळलं की ते पाणी पोटात घेतं आणि त्याचा तपकिरी, लोण्यासारखा लगदा होतो. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असू शकतं. म्हणजे सांडलं एक टन आणि उपसायचं तीन ते पाच टन! चेन्नईत गटारं उपसणारी ‘सुपर सकर’ यंत्रं लावली होती. असल्या लगद्यापुढे नळी पाणी ओढते आणि तेल बाहेरच राहतं. तिथे फावडं, घमेलं आणि बादलीच चालते. जगभर असंच चालतं, फक्त फोटो कमी येतात.

समुद्रातच का अडवत नाही, हा प्रश्न ठरलेला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ला ‘खलिजिया-३’ धडकलं. ‘चित्रा’ कलंडलं, कंटेनर पाण्यात पडले आणि अंदाजे ८०० टन तेल सांडलं. त्यात पावसाळा, वारा नैर्ऋत्येचा, आणि १० तारखेला आषाढ अमावास्या, म्हणजे ऐन उधाण. बूम नावाचा तरंगता बांध पाण्यावर पसरतात खरा, पण पाऊण नॉटपेक्षा जास्त वेगाचा प्रवाह त्याला आडवा लागला की तेल खालून निसटतं. मुंबई बंदरात उधाणाला प्रवाहाचा वेग त्याच्या दुपटीच्याही वर जातो. तेल फोडून पाण्यात विखुरणारं रसायन फवारता येतं, पण दाट झालेल्या तेलावर ते नुसतं ओघळून जातं, आणि उथळ खाडीत ते वापरूच नये. तेव्हा तेल किनाऱ्याला लागणार हे धरूनच चालायचं. कुठे लागणार, एवढंच पाहायचं.

त्यासाठी संगणकावरची गणितं असतात. तवंग प्रवाहाबरोबर जातो आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के त्यात मिळवायचे. गणित चांगलं आहे. पण खाडीच्या आतल्या वळणांसाठी मी आधी कोळीवाड्यात जातो. “निर्माल्य कुठं जमतं ते बघा ना साहेब, तेल काय वेगळ्या वाटेनं येतंय?” असं एका म्हाताऱ्या नाखव्याने मला ऐकवलं होतं. गणपतीचे पाट, थर्माकोल, चपला जिथे येऊन पडतात तिथेच तेल येतं. बादल्या, पोती, माणसं तिथे आधी न्यायची.

मात्र तिवरांत बादलीही न्यायची नाही. २०१०चं तेल उरण, अलिबागकडच्या तिवरांत शिरलं होतं. ओहोटीला अशा जागी नीट पाहा. चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली असतात आणि भरतीने आखून दिल्यासारखा त्यांच्यावर काळा पट्टा असतो. त्या मुळांची बारीक छिद्रं बुजली की झाड गुदमरतं. म्हणून साफ करायला हात शिवशिवतात. पण एक माणूस आत शिरला की गुडघाभर रुततो आणि पाय उपसताना वरचं तेल त्या भोकात ओतलं जातं. चिखलाच्या पोटात हवा नसते. तिथे गेलेलं तेल वर्षानुवर्षं कुजत नाही. वरचं तेल निदान भरती-ओहोटी धुते. फार तर होडीतून, भरतीच्या पाण्याने, हलक्या दाबाने मुळं धुवावीत. नाहीतर हात बांधून बसावं. हे वरिष्ठांना आणि कॅमेऱ्यांना समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम! काही न करणाऱ्याचा फोटो कोण छापणार?

मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे काठाला रचलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, ही आणखी वेगळी डोकेदुखी. फटींत शिरलेलं तेल दर भरतीला थोडं थोडं बाहेर येत राहतं, आणि तिथे ना यंत्र पोचतं ना हात.

चेन्नईत चेष्टा व्हायला हवी होती ती उघड्या हातांची. कित्येक जण हातमोज्यांशिवाय, मास्कशिवाय त्या तेलात उतरले होते. हे तेल कातडीला झोंबतं, पुरळ आणतं, आणि त्यातली काही रसायनं कर्करोगाशी जोडलेली आहेत. बादली स्वस्त आहे म्हणून माणूसही स्वस्तात उतरवला, हे मला मान्य नाही.

आणि बादली रिकामी कुठे करायची? वाळू, कचरा, चिंध्या, मोजे मिळून निघणारा माल कधी कधी सांडलेल्या तेलाच्या तीस पटींपर्यंत जातो. तो कचराडेपोत टाकता येत नाही. अस्तर घातलेल्या खड्ड्यांत तेल खाणारे जिवाणू मिसळून काही महिने उलथापालथ करावी लागते, म्हणजे भरपूर मोकळी जागा हवी. शहरात ती द्यायला कुणीच तयार नसतं. पालिका बंदराकडे बोट दाखवते, बंदर जहाजाच्या विमा कंपनीकडे. तोवर प्लॅस्टिकची पोती किनाऱ्यावर थप्पी लावून पडतात, उन्हाने फाटतात, आणि पुढच्या उधाणाला तेच तेल परत पाण्यात. ही जागा पावसाळ्याआधी नकाशावर खुणेनिशी ठरलेली असावी, तिथवर ट्रक जाणारा रस्ता असावा आणि फाटकाची किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक असावं.